जावईबापूंची पगारी रजा

"आई, रजा मंजूर झाली! दोन आठवडे! आणि पगारी!"

जावयाचा फोन आला तेव्हा मी शेंगाचटणी कुटत होते. बत्ता हवेतच राहिला. माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणून रीतीप्रमाणे ती सोलापूरला माझ्याकडे आलेली. नात होऊन दोन दिवस झाले होते, मायलेकी दवाखान्यातून घरी यायच्या होत्या, आणि घरात नुसती धांदल उडाली होती. त्यात हे.

"रजा कशाची हो?"

"बाळाबरोबर राहायची."

"बाळ तर दिवसभर झोपतंय. तुम्ही शेजारी बसून काय करणार?"

"बसणारच," तो म्हणाला. "आई, एकदा मी पुण्याला परत गेलो की ऑफिस आणि मी. त्याआधी तिला कळलं पाहिजे की हा माणूस आपला आहे. एवढंच हवंय मला."

मी फोन ठेवला आणि इतकी हसले, इतकी हसले की ह्यांनी आतून विचारलं, "काय, चटणीत मिरची कमी पडली का?"

खरं तर हसायचं तोंड मला नव्हतं. पगारी रजेचा तोरा आमच्या घरात पहिल्यांदा कुणी मिरवला असेल तर तो मीच. मी तेव्हा सरकारी कचेरीत टायपिस्ट. बाळंतपणाला माहेरी करकंबला गेले, तर येईल त्या बाईला सांगायचे, "सरकार मला झोपायचा पगार देतंय बरं का." कानात कापसाचे बोळे, डोक्याला फडकं, अंगाला ओव्याच्या शेकाचा वास, आणि ध्यान स्वतःला महाराणी समजत होतं. बायका बिचाऱ्या माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. मला वाटायचं, जळतात.

आणि हे? हे एका रविवारी एसटीनं आले. सोप्यात बसले, लाडू खाल्ला. माझ्या आईनं उंबऱ्याच्या आतूनच गाठोडं दाखवलं. ह्यांनी घ्यायला हात पुढे केले, तर मी आतून असे डोळे वटारले की हात परत लाडवाकडे गेला! का, तर पुरुषानं तान्हं बाळ घेतलं की लोक त्याला बायकोचा गुलाम म्हणतात. माझा नवरा गुलाम होताच, पण तसा दिसलेला मला चालणार नव्हता. अशी मी शहाणी.

तर जावई आला. पाठीवर मोठी पिशवी. एका कापडी बाहुलीवर लंगोट बांधायचा सराव करून आला होता. पण बाहुली रडत नाही. आमच्या बाईंना त्यानं पहिल्यांदा हातात घेतलं ते काठोकाठ भरलेलं ताकाचं भांडं न्यावं तसं, श्वास रोखून, आणि पोरीनं असा टाहो फोडला की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. मी झडप घालून तिला काढून घेतलं. "राहू द्या हो, जावईबापू. तुम्ही बसा. चहा टाकते."

तो बसला. जावई तो, त्याला दुसरं काय करू द्यायचं? तो दुपटं बदलायला उठला की मी म्हणायचे, तुम्ही बसा. पाळण्याची दोरी धरली की, तुम्ही बसा. जावयानं लंगोट धुतला आणि ते गल्लीनं पाहिलं तर? पण गल्लीनं त्याच्याही पुढचं पाहिलं होतं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काकू, जावई लई दिस झाले दिसतोय की. कामाचं काय?"

"रजेवर आहेत."

"बाळंत तर लेक झाली तुमची. बाप्याला कसली आली रजा?"

मी ताठ होऊन सांगितलं, "पितृत्व रजा म्हणतात तिला."

तिनं बोटांवर हिशेब केला. "पितृपंधरवड्याला तर येळ हाय की अजून!"

इथवरही ठीक होतं. पण संध्याकाळी अक्कलकोटहून माझ्या धाकट्या नणंदेचा फोन. आवाज एकदम कळवळ्याचा. "वैनी, ऐकलं ते खरं हाय का ओ? जावयाची नोकरी गेली म्हणं. तुमी काळजी करू नका. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या ह्यांची वळख हाय. टॉवेलच्या कारखान्यात चिकटवू की त्यांना."

झालं! मी पेटले. माझा जावई आणि बेकार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांकडे मिरवायला काढला. घरोघरी मी सांगायचे, "पगारी रजा आहे, पगारी! कंपनी म्हणते, जा, लेकीजवळ बसा." आणि आमच्याकडची माणसं काय, जावई दारात आला म्हणजे नुसत्या चहावर थोडाच सोडतात? आज ह्यांच्याकडे शेंगापोळी, उद्या त्यांच्याकडे गव्हाची गोड हुग्गी, परवा कुणाकडे पुरण. एकाकडे जेवला आणि दुसऱ्याकडे नाही, तर दुसरा रुसणार. तो बिचारा पानावर बसून घड्याळाकडे बघायचा. वाढणारीला वाटायचं, पाहुणा लाजतोय. आणखी एक पोळी पानात. ढेकर देत घरी यावं, तर पोरगी दूध पिऊन झोपलेली. ती जागी व्हायच्या वेळेला ह्याला पुढचं आमंत्रण.

मला मात्र जोर चढला होता! नणंदेला मी फोन करून करून सांगत होते, आज कुठे जेवले, काय जेवले.

शेवटी लेकीनंच तोंड सोडलं. ती चिडली की मला लहानपणच्यासारखं अव्वा म्हणते. "अव्वा, कंपनीनं रजा लेकीसाठी दिलीय, शेंगापोळीसाठी नाही! निम्मी संपली. अजून त्यानं घेतलं की ती रडते. त्याचं वजन वाढलंय बाळापेक्षा जास्त."

"अगं, पण जावयाला—"

"जावई तुझा असेल. तिचा बाप आहे तो."

जावई तिथेच होता. पाळण्याच्या काठावर बोट ठेवून उभा होता, नुसतं बोट. आत हात घालायचं धाडस होत नव्हतं, उठली तर परत टाहो फोडेल म्हणून.

तेवढ्यात हे, जे जेवताना मीठसुद्धा खुणेनं मागतात, भाकरी मोडता मोडता लेकीकडे बघून म्हणाले, "मी हिला पहिल्यांदा नीट घेतलं तेव्हा हिला दात आले होते. चावली मला."

लेक हसली. जावई हसला. मीही हसायला तोंड उघडलं, पण हसू काही आलं नाही. ह्यांना एवढ्या वर्षांत ते कधी बोलावंसं वाटलं नव्हतं, आणि मला विचारावंसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हुकूम सोडला. "जावईबापू, पाहुणचार संपला. पँट गुडघ्याच्या वर दुमडा आणि मोरीत चला."

"मी?"

"नाहीतर काय तुमचे सासरे? पाटावर बसा. पाय लांब करा. दोन्ही नडग्या जोडून. आता हलायचं नाही."

पोरीची नाळ पडली होती, आंघोळीला मोकळीक होती. मी तिला तेल लावून चोळून आणलं आणि त्याच्या पायांवर पालथं घालायला वाकले, तर काय! नडग्यांवर केसांचं हे रान!

"अगं बाई, पोरीला टोचतील हे."

लेक दारातून ओरडली, "मग काय, आता न्हाव्याला बोलावू?"

घातलं तसंच. जावयानं डोळे मिटून घेतले. आता टाहो, आता टाहो, म्हणून आम्ही सगळे थांबलो. मी कोमट पाणी पाठीवर सोडलं. पोरगी कुरकुरली, हातपाय झाडले. "बोला हो काहीतरी तिच्याशी!" मी म्हटलं.

"काय बोलू?"

"पाठ असेल ते!"

आणि माझा हा शिकलेला जावई घाबरून बेचा पाढा म्हणायला लागला. बे एके बे, बे दुणे चार. पोरगी गप्प. बे त्रिक सहाला तिनं मान एवढीशी वळवली, जिकडून आवाज येत होता तिकडे. आणि मग इवल्या मुठीत त्याच्या पायाचे केस सापडले, ते तिनं असे धरले की बस्स!

"आई गं!" तो किंचाळला. डोळ्यांतून पाणी. "आई, धरलं! बघा, धरलंय तिनं मला!"

"सोडवू का?"

"हात लावू नका!"

शेजारीण कुंपणावरून विचारत होती, काय झालं, कोण ओरडलं. ह्यांनी बाहेर जाऊन सांगितलं, "जावई न्हाऊ घालतायत." ह्यांचा एवढा मोठा आवाज गल्लीनं लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

मग काय, घर बदलूनच गेलं! उरलेले दिवस मोरी त्याची, लंगोट त्याचे, आणि मी हाताची घडी घालून चुका काढायला मोकळी. दोरीवर ओळीनं दुपटी वाळत घालायचा तो, आणि मी मुद्दाम त्याला अंगणातल्या दोरीवर घालायला लावायचे. बघू दे गल्लीला. आमंत्रणं आली की मी फोनवर सांगायचे, "जावई कामात आहेत." नणंद आनंदली, "लागले का कामाला? कुठं?" म्हटलं, "माझ्याकडेच."

रजेच्या शेवटच्या दिवशी अकलूजहून माझा धाकटा भाऊ जीप घेऊन दारात हजर. तिकडे पुरणाचा घाट घातलेला, भावजय वाट बघतेय. दारातूनच हाक, "आक्का, कुटं हायत जावई? चला म्हणावं लवकर!"

"येत नाहीत ते."

"का? रागावले का काय आमच्यावर?"

"ये, बघ."

तो आत आला. जावई भिंतीला टेकून बसला होता. न्हाऊन दुपट्यात गुंडाळलेली पोरगी त्याच्या लांब केलेल्या पायांवर, आणि तो पाय डोलवत बारीक आवाजात पाढे म्हणत होता. बारापर्यंत पोचला होता. भावानं खाकरून, "अन् मग ते पुरण—" एवढंच म्हटलं, तशी पोरीनं डोळे उघडले, आवाजाकडे बघून ओठ काढले. आम्ही सगळ्यांनी श्वास धरला. जावई घाईनं म्हणाला, "बारा पंचे साठ." तिनं त्याच्याकडे पाहिलं, ओठ आत घेतले आणि परत झोपून गेली.

भाऊ चपला काढून हळूच खाली बसला. "वळखती की ओ तुमाला," तो कुजबुजला.

जावयानं पोरीचं दुपटं नीट केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, पायांना मुंग्या आल्यात."

"मग घेऊ का तिला?"

"नको, नको," तो म्हणाला, आणि तेराचा पाढा सुरू केला.