व्हर्लिनचं घाईचं दार

टॉलेफ्सरुडांच्या घराला पुढचा दरवाजा आहे, पण तो पोलीस आणि विक्रेते यांच्यासाठी. ओळखीचं माणूस येतं ते गॅरेजमधून आणि जातंही गॅरेजमधून. येण्याला वेळ लागत नाही. सगळा घोळ असतो तो जाण्यात.

घरची मालकीण आर्लिस. बाई लोण्याहून मऊ, पण निरोप काही तिला आवरता येत नाही. रविवारी चर्च सुटलं की कॉफीला मंडळी जमतात. मग कुणीतरी गुडघ्यांवर थाप मारतं, "चला, निघायला हवं," म्हणतं, आणि तिथून पुढे खरी सुरुवात होते. थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दारात, थोडा गाडीला टेकून, आणि मग गॅरेजच्या दाराच्या बरोबर खाली, ना आत ना बाहेर, अशी मैफल जमते की विचारू नका. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या सुनेनं जेवणाला नेलेलं, ओव्हनमधलं अळणी हॉटडिश, तळ्यावरचा बर्फ यंदा किती जाड. आणि तेवढ्या वेळात मिनेसोटाचा जानेवारी घरात शिरून सोफ्यावर बसतो.

हे सगळं सोसायचं कुणी? व्हर्लिननं. उभी हयात त्यानं बर्फ सारणारा ट्रक एकट्यानं हाकला. बोलायची सवय नाही, ऐकायची त्याहून नाही. "बरं आहे" एवढं म्हटलं की त्याचं महिन्याचं बोलणं संपलं. अपवाद एकच, लेकीची डॅक्सहुंड कुत्री. नाव लेफ्सा, आपल्या नॉर्वेजियन बटाट्याच्या पोळीवरून, कारण उन्हात पडली की अगदी तशीच लांबट आणि चपटी होते. तिच्याशी मात्र हा गडी तास तासभर गप्पा मारतो. काय बोलतो ते आर्लिसलासुद्धा अजून कळलेलं नाही.

तर दोन हिवाळ्यांपूर्वी व्हर्लिनला एक युक्ती सुचली. पाहुणे दाराखाली रेंगाळले की खिशातल्या रिमोटचं बटण हळूच दाबायचं. दार खाली यायला लागलं की मंडळी आपोआप हलतील. पण दाराच्या दोन्ही अंगांना, घोट्याच्या उंचीवर, बारीक दिव्याचा एकेक विजेचा डोळा बसवलेला. त्यांच्यामध्ये पाय आला की दार बिचकून परत वर. म्हणून यानं काय करावं? दोन्ही डोळे काढले, छताशी मोटरच्या शेजारी नेले आणि समोरासमोर चिकटपट्टीनं बांधून टाकले. ते आपले एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसले, नव्या नवरानवरीसारखे. मध्ये कुणी नाही, तेव्हा वाट मोकळी, असं दाराला वाटायचं.

युक्ती फळली. पास्टरची बायको लव्हॉन लिंबाच्या वड्यांचं ताट छातीशी धरून अशी पळाली की आख्ख्या गल्लीनं पाहिलं. आर्लिस बिचारी सगळ्यांची माफी मागायची. "दार म्हातारं झालंय हो. घाई करतं."

आणि मग लेकीचा, जनेलचा, फोन आला. ती आणि नवरा कर्ट सहलीला निघाले होते आणि लेफ्साला आजोळी ठेवायचं होतं. व्हर्लिननं त्याच दिवशी तिच्यासाठी गादी शिवायला घेतली. स्वतः, सुईदोऱ्यानं! पण जनेल इस्पितळात एक्स-रे काढते. दाराखाली चेंगरलेल्या पंजांचे फोटो तिच्या मैत्रिणीच्या जनावरांच्या दवाखान्यातून तिनं पाहिले होते.

"बाबा, ऐक. आधी माझ्यासमोर दाराची चाचणी. पास झालं तर लेफ्सा तुझी. नाहीतर कुत्र्यांच्या वसतिगृहात."

"बरं आहे," व्हर्लिन म्हणाला. लेक शनिवारी येणार होती, म्हणून शनिवारी सकाळी डोळे खाली आणायचे, असा त्याचा बेत होता. ती कर्ट आणि लेफ्साला घेऊन शुक्रवारी दुपारीच उगवली.

"रस्ता मोकळा मिळाला," जनेल गाडीतून उतरत म्हणाली. "चाचणीला एक फळी आण."

फळी दाराखाली आडवी ठेवली. दार आलं, फळीला टेकलं आणि निमूट वर गेलं. व्हर्लिनच्या जिवात जीव आला. आर्लिसनं घडीच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या.

"आता झाडू," जनेल म्हणाली.

"फळी झाली ना? झाडू कशाला?"

"डोळ्यांची चाचणी, बाबा. लेफ्सा फळीएवढी कडक नाहीये."

तिनं बटण दाबलं आणि झाडू दाराच्या वाटेत आडवा हलवायला लागली. दार येतच राहिलं. ती आणखी जोरात हलवते, दार आपलं चाललंय खाली. शेवटी तिनं झाडू मागे ओढला आणि दार जमिनीला जाऊन टेकलं. गॅरेजमध्ये अंधार झाला. कर्टच्या काखेतून लेफ्सानं एकदाच भुंकून घेतलं.

जनेलनं दार पुन्हा वर घेतलं आणि चौकटीशी वाकून पाहिलं. "बाबा, इथे डोळेच नाहीयेत. नुसते स्क्रू आहेत."

"बरं," व्हर्लिन म्हणाला.

"बरं काय? डोळे गेले कुठे?"

व्हर्लिन छत सोडून सगळीकडे बघत होता. चाळीसएक वर्षांच्या संसारानंतर बायकोला तेवढं पुरतं. आर्लिसनं मान वर केली.

"व्हर्लिन! ते दोन दिवे वर बसून काय करतायत?"

मग सांगावं लागलं. एवढी वाक्यं तो लग्नातसुद्धा एका दमात बोलला नव्हता. आर्लिस ऐकत होती आणि लालेलाल होत होती.

"म्हणजे लव्हॉन त्या दिवशी... मी तिला सांगितलं दार म्हातारं झालंय! म्हातारं दार नव्हतं, तू होतास! दोन वर्षं लोक माझ्या घरून पळत सुटतायत!"

"कुणाला लागलं नाही," व्हर्लिन पुटपुटला.

"माझ्या नावाला लागलं!"

कर्टला हसू आवरेना, म्हणून तो कुत्रीला घेऊन बाहेर गेला. जनेलची नजर कोपऱ्यातल्या, बाबांनी शिवलेल्या गादीवर गेली. वाकडे टाके, मधे कापसाचा फुगा. ती जरा नरमली.

"शिडी आण, बाबा. आत्ता, माझ्यासमोर."

दुपारभर काम चाललं. डोळे खाली आले, तारा भिंतीला लागल्या. पण दोन्ही डोळे एका रेषेत येईनात. दिवा नुसता मिचमिचत होता. व्हर्लिन गुडघ्यांवर बसून ते वळवत होता आणि खुर्चीवरून आर्लिस हुकूम सोडत होती. "डावीकडे. तुझं डावं, व्हर्लिन! बायकोकडे बघायची सवय नाही, डोळ्यांना काय शिकवणार!" दिवा स्थिर झाला तेव्हा तिनंच पहिल्यांदा "झालं!" म्हणून हाक दिली.

पुन्हा झाडू. या वेळी झाडूची काडी मध्ये आली न आली तोच दार थबकलं आणि वर निघालं. जनेलनं तीच चाचणी पुन्हा केली, मग कर्टनं बुटाचं टोक घालून. दार दर वेळी मागे फिरलं.

"ठीक आहे," जनेल म्हणाली. "लेफ्सा तुझी."

व्हर्लिननं कुत्रीला घेतलं आणि कानात काहीतरी सांगायला सुरुवातही केली. तेवढ्यात कर्टनं मांडीवर थाप मारली. "चला, निघायला हवं."

ते दाराखाली आले आणि थांबले. आर्लिसला प्रवासाचं विचारायचं होतं, जनेलला कुत्रीच्या खाण्याचं सांगायचं होतं, कर्टला तळ्यातल्या माशांचं. सूर्य कलला. व्हर्लिनचा हात सवयीनं खिशात गेला. दार हललं, चार पाय दिसताच बिचकलं आणि वर जाऊन बसलं.

सगळे त्याच्याकडे वळले.

"बाबा, खिशातला हात बाहेर."

"रिमोट इकडे दे," आर्लिसनं तळहात पुढे केला. "आणि रविवारी लव्हॉनला बोलावलंय. निरोप तू द्यायचास. इथे, दाराखाली उभं राहून, ती स्वतः निघेपर्यंत."

"बरं आहे," व्हर्लिन म्हणाला. त्यानं कुत्रीला शिवलेल्या गादीवर ठेवलं, तर ती उठून थेट दाराच्या वाटेत जाऊन आडवी झाली, शेपूट बरोबर डोळ्यांच्या मध्ये. व्हर्लिन तिच्या शेजारी उलट्या बादलीवर टेकला. कर्ट अजून माशांवरच होता.