सरकी फोडायची दाढ अन् लाल उजेड

आमच्या राळेगावाकडं कापूस वाळला का नाही, हे त्यातली सरकी, म्हणजे बी, दातानं फोडून पाहतात. कट्ट वाजली तर वाळला, गप दबली तर ओला. गावाचा भरोसा माझ्या उजव्या दाढेवर. शाळा मी दुसरीतच सोडली, पण ही दाढ कधी खोटं बोलली नाही.

यंदा तीच हलायला लागली. हिरडीतून रक्त यायचं. मीठ-तेल चोळलं, फरक नाही. शेवटी सुनेनं यवतमाळला दातांच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं.

बाईनं दात खरवडले अन् म्हणाली, "आजोबा, आता हिरडीत निळं औषध भरते. मग त्यावर लाल उजेड टाकू. आतले जंतू मरतात."

मले पटलं नाही. उजेडानं जंतू मरत असते, तर उन्हात तोंड वासून नसतो बसलो? दाढ उपटायची असंल, त्यासाठी हे भुलवणं. अन् निळं औषध काय, धोतराले देतो ती नीळच दिसली. बाई मशीन आणायला वळली, तशी मी चूळ भरून टाकली अन् गप पडून राह्यलो.

"रंग कुठं गेला?" बाई तोंडात डोकावून म्हणाली.

"नीळ देल्यावर खंगाळाच लागते ना, बाई."

सुनेनं कपाळाले हात लावला. "मामाजी, धोतर धुवाले आलतो का आपण?"

बाई हसली. "रंग असला तरच उजेड काम करतो, आजोबा. नाही तर ती नुसती बत्ती."

"अन् दाढ?"

"आज काढत नाही. पण टिकेलच, असं वचनही देत नाही."

हे बोलणं खरं वाटलं. ठगवणारा माणूस असं बोलत नाही. उजेड डोळ्यात जाऊ नये म्हणून बाईनं देल्ला काळा चष्मा लावून पुन्हा तोंड उघडलं. बाईनं परत औषध भरलं अन् उजेड टाकला.

पुढं रक्त थांबलं. पण उजेडानं का खरवडल्यानं, कोण सांगावं?

वेचणी सुरू झाली. शेजारी मूठभर कापूस घेऊन आला. "काका, पाहा बरं, नेऊ का विकाले?"

सरकी दाढेखाली धरली. गप दबली. जन्मात पहिल्यांदा मले शक आला. कापूस ओला, का दाढच कच्ची?

"काय झालं, काका?"

"थांब जरा."

घरात जाऊन माझा वाळवलेला कापूस काढला. त्यातली सरकी धरली, डोळे मिटले अन् दाबली.

कट्ट!

बाहेर येऊन म्हटलं, "तुहा कापूस ओला हाय लेका. अजून ऊन दे त्याले."