बातम्या आधी, घरचं शेवटी

वायरमन बोलायला लागला की समोरचा माणूस हातातली पिशवी खाली ठेवायचा. हे लवकर आटोपणारं नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

त्याचा उभा जन्म विजेच्या खांबांवर गेला. वरून त्याला लोकांच्या गच्च्या दिसत, मागची दारं दिसत, कोण कुणाच्या कुंपणात कचरा ढकलतो तेही दिसे. निवृत्त झाल्यावर खांब सुटले, पण गावाची खबरबात ठेवणं आपल्याच गळ्यात आहे ही समजूत काही सुटली नाही. बायको होती तोवर ती ऐकायची. भाजी निवडता निवडता नुसतं "हं" म्हणायची, पण तिचं "हं" बरोबर जागेवर पडायचं. ती गेली आणि वायरमनच्या बोलण्याला टेकायला भिंत उरली नाही.

मग एका भेटीत लेकीनं त्याला नवा फोन घेऊन दिला. "बाबा, इथं बोट दाबून धरायचं आणि मनात येईल ते बोलायचं. सोडलं की मला पोचतं. जमेल तसं मी ऐकत जाईन." लेक दूर, परमुलखात. नोकरी, नवरा, लहान मूल. एवढं तिनं म्हटलं हेच त्याला आभाळाएवढं झालं.

दुसऱ्या दिवसापासून वायरमन रोज सकाळी घराबाहेर, इस्त्रीवालीच्या टपरीला लागून असलेल्या बाकावर बसू लागला. आधी खाकरायचा, मग फोन तोंडाशी धरायचा.

"आजच्या बातम्या. पाववाल्यानं भाव वाढवला नाही, पाव लहान केला. म्हणतो, काका, भाव तोच आहे. मी म्हटलं, असू दे बाबा, पुढच्या वर्षी भाव तोच ठेव आणि नुसता वास दे. बँकेत टोकनचं यंत्र बसवलंय. टोकन घ्यायचं आणि पूर्वी ज्या बाईंकडे जायचो त्यांच्याकडेच जायचं. प्रगती आहे. तळ्यात आणखी भराव टाकला. बेडूक गेले. पूर्वी त्यांच्या ओरडण्यानं झोप यायची नाही, आता ते ओरडत नाहीत म्हणून येत नाही. आता घरचं. गुडघा ठीक आहे. काळजी करू नकोस."

हा त्याचा नेम होता. बातम्या आधी, घरचं शेवटी. आपलं रडगाणं आधी लावलं तर पोर कंटाळेल, असा त्याचा हिशेब.

संध्याकाळपर्यंत लेकीकडून एक अंगठा यायचा. पिवळा, वर केलेला. वायरमन तो इस्त्रीवालीला दाखवायचा.

"एवढी शिकवलीत पोरीला, दादा, आणि शेवटी अंगठाच उठवतेय की!"

"तुम्हाला नाही कळायचं, ताई. अंगठा म्हणजे ऐकलं, पटलं. अधिकाऱ्याची सही कधी लांबलचक असते का?"

घर दोनच खोल्यांचं. त्यातली तार न् तार त्यानं स्वतः ओढलेली. लेक लहानपणी अंधाराला फार भ्यायची आणि दिव्याच्या बटणाला तिचा हात पोचायचा नाही. तेव्हा वायरमननं भिंत फोडून तिच्या खाटेशेजारी, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक बटण बसवून दिलं. येणारेजाणारे हसायचे, "काय रे, उंदरांची सोय केलीस का?" पोर मोठी झाली, सासरी गेली. बटण तिथंच राहिलं.

तळं बुजवून तिथं उंच इमारती उठल्या, तसं पावसाचं पाणी जायला जागा उरली नाही. ते गल्लीत शिरू लागलं. एकेका घरानं बिल्डरपुढं मान तुकवली. शेवटी वायरमन एकटाच उरला. बिल्डरचा माणूस यायचा, गोड बोलायचा. वायरमन त्याला एकच सांगायचा, "घर माझ्या लेकीचं. तिला विचारतो."

आणि एका सकाळी त्यानं विचारलं. त्या दिवशी बातम्या नेहमीपेक्षा लांबल्या, कारण जीभ पुढं रेटत नव्हती. मेलेले मासे झाले, चौकातले कॅमेरे झाले, टोमॅटो महागले तेही झालं. मग म्हणाला, "आता घरचं. बिल्डर घर मागतोय. सगळे गेले, मीच राहिलोय. मला काय, एक खोली पुरे. पण तुला हे ठेवायचं असेल तर मी हलत नाही. पाण्यात खाट टाकून बसेन. तू म्हणशील तसं. तुझं ते बटण अजून चालतं हं."

इस्त्रीवालीनं इस्त्री उभी करून ठेवली होती.

संध्याकाळी अंगठा आला.

"काय म्हणतेय?" तिनं विचारलं.

"विका म्हणतेय."

"अशी चटकन?"

"मग काय गळा काढेल? व्यवहारी आहे ती. आईवर गेलीय," वायरमन म्हणाला. समोरचा चहा तसाच गार झाला.

रविवारी लेकीचा फोन आला, तेव्हा मागं मूल किरकिरत होतं. "तुझं उत्तर मिळालं हं," तो म्हणाला.

"हो बाबा, तुमचे मेसेज येतात ना. छान असतात. येऊ देत रोज."

तिला यावर जास्त बोलायचं नाही, असं वायरमननं ओळखलं. पुन्हा विचारणं म्हणजे पोरीला पेचात टाकणं. त्यानं सही केली. इस्त्रीवालीच्या ओळखीनं मागच्या रस्त्यावर एक खोली पाहिली. सामान हलवलं तेही लेकीला सांगितलं, नव्या खोलीचा पत्ता सांगितला. अंगठा. घर पाडलं, तेही सांगितलं. अंगठा. त्या दिवशीचा अंगठा मात्र त्यानं इस्त्रीवालीला दाखवला नाही.

पुढं उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी त्याचा फोन वाजला.

"बाबा, तुम्हाला चकित करावं म्हणून न सांगता आले. गल्लीत उभी आहे." लेकीचा आवाज चिरकत होता. "बाबा, आपलं घर कुठंय?"

वायरमनला आधी ती थट्टाच वाटली. मग तो पायातल्या सपातांनिशी पळाला.

ती पत्र्याच्या कुंपणासमोर बॅग धरून उभी होती. पत्र्याच्या फटीला एक डोळा लावून आत पाहत होती, जसं काही घर आत कुठंतरी असेलच.

"विकलंत? मला न विचारता? बाबा, आईचं घर होतं ते! एका शब्दानं विचारायचं तरी!"

वायरमनच्या पायांखालची शिडी सरकली. एवढ्या वर्षांचे सगळे अंगठे त्याला एका क्षणात कळले. पाव, बेडूक, बँकेतलं यंत्र, गुडघा, काहीच कुठं पोचलं नव्हतं. तो आजवर तारच नसलेल्या खांबावर चढून बसला होता.

मागून इस्त्रीवाली धापा टाकत आली होती. तिला राहवलं नाही. "अगं बाळे, त्यांनी तर तुला..."

"ताई!" वायरमन ओरडला. खालचा माणूस चालू तारेला हात घालू लागला की ओरडायचा, तसा. मग लेकीकडे वळून हळू म्हणाला, "चुकलं, बाळा. सांगायचं राहूनच गेलं."

"रोज एवढं बोलता आणि हेच राहतं?"

"बडबड्या माणसाचं असंच असतं."

ती खूप रडली. रात्री त्याच्या खोलीत जेवताना तिनं विचारलं, "माझं बटण?"

"काढायला गेलो होतो. जुनं झालं होतं. हातात भुगा आला."

चार दिवस राहून ती गेली. निघताना त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत म्हणाली, "यापुढं काही मोठं असेल तर आधी सांगाल ना?" तो हो म्हणाला.

ती गेल्यावर वायरमन मोबाइलवाल्याकडे जाऊन आला. घराचं विचारलेला जुना मेसेज लेकीच्या फोनमधून पुसता येतो का, हे त्याला विचारायचं होतं. मोबाइलवाला म्हणाला, "काका, इतका जुना नाही पुसता येत. तुमच्याकडचा जाईल. त्यांच्याकडं राहणारच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा बाकावर येऊन बसला आणि खाकरला.

"दादा," इस्त्रीवाली म्हणाली, "आता तर कळलं ना, ती ऐकत नाही ते?"

"कळलं."

"मग कशाला घसा फोडताय?"

वायरमननं फोन मांडीवर ठेवला. "तो मेसेज आहे तिच्याकडं, ताई. मी गेल्यावर कधी आठवण आली, सवड झाली, आणि तिनं मागं जाऊन ऐकायला घेतला तर? जन्मभर स्वतःला खात बसेल पोर. रोज एक नवा टाकला की तो आणखी एकानं मागं जातो."

इस्त्रीवालीनं कुणाच्यातरी शर्टावर पाणी शिंपडलं.

"आजच्या बातम्या," वायरमननं सुरू केलं. पाववाल्याचं सांगितलं, रस्ता पुन्हा खणल्याचं सांगितलं. घरचं काही सांगायला नव्हतं.

संध्याकाळी अंगठा आला. वायरमननं तो नीट पाहून घेतला. आजही तिनं ऐकलं नव्हतं. त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि फोन खिशात ठेवला.