आक्कानं कधीच न दाखवलेला शेवट

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट पुढं ठेवला. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. ‘मेटास्टॅसिस’ झालाय, म्हणाल्या. म्हणजे तो यकृतापर्यंत पसरला होता. औषधानं काही महिने मिळतील, बरा होणार नाही.

गावाकडं, ढोकीत, दोन महिने आम्ही तिच्या पोटदुखीला पित्त म्हणत होतो.

आक्का बाहेर बाकावर बसली होती. दाजींनी माझ्या हातातली फाईल घेतली आणि पिशवीत तळाशी, टॉवेलाखाली सरकवली. “अल्सर म्हणू. कळलं तर हाय खाईल ती.” मी मान हलवली. आपल्याकडं बहुतेक घरांत असंच होतं. रिपोर्ट सगळ्या भावकीला ठाऊक असतो, फक्त पेशंटला नाही.

केमोथेरपी, म्हणजे सलाईनमधून दिलं जाणारं कॅन्सरचं औषध, दर पंधरा दिवसांनी सुरू झालं. एका बैठकीला चार-पाच तास जायचे. दुसऱ्या खेपेला मॅडमनी मला बाजूला घेतलं. “त्यांनी मला तीनदा विचारलंय. चौथ्यांदा विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. त्याआधी तुम्ही सांगा.”

सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. आक्काजवळ जाऊन तिला वाचून दाखवायला मी पिशवीतून कादंबरी काढली.

“तुझी पुस्तकं लई जड रे,” आक्का म्हणाली. “आपलं ते बदकांचं कार्टून सापडतंय का बघ.”

ते मोबाइलवर सापडलं. लहानपणी सुट्टीत आम्ही त्याची सीडी झिजवली होती. रानबदकांचा थवा, त्यातलं एक धांदरट पिल्लू आणि त्याची आजी. आजीचा पंख मोडला, की आक्का टीव्ही बंद करायची. “संपला पिक्चर. आजी मागनं येती.” मी त्यापुढचं कधी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी पंख मोडला आणि माझं बोट आपसूक पडद्याकडं गेलं. “राहू दे,” आक्का म्हणाली.

आजी थव्याच्या म्होरक्याला सरळ विचारते, पंख भरून येईल का. तो नाही म्हणतो. मग थंडी पडेपर्यंत ती पिल्लाला घेऊन तळ्याकाठी बसते आणि चोचीनं चिखलात दक्षिणेची वाट काढून दाखवते. थवा उडतो. ती खाली उभी राहून बघते.

“तू रडायचास म्हणून बंद करायची मी,” आक्का म्हणाली. “चूकच केली. खरी गोष्ट तिथंच होती.” मग सलाईनकडं बघत म्हणाली, “आता तू सांग. अल्सरला एवढं औषध लागतंय व्हय?”

मी सांगितलं. यकृताचंही सांगितलं. तिनं सलाईनची नळी सरळ केली. मग म्हणाली, “दाजींना दोन दिवस बोलू नको मला कळलंय म्हणून. लपवताना कसे घामाघूम हुत्यात, बघू तरी.”

चौथ्या खेपेनंतर मॅडमशी बोलून तिनं स्वतःच केमो थांबवली. आपल्या लेकीला, ऋतूला, जवळच्या तेर गावी नेलं आणि नदीकाठी बसून सगळं सांगितलं. त्या दोघी काय बोलल्या, ते मला आजही माहीत नाही. पुढचे तीन महिने ती घरीच होती. शिवणाच्या मशीनपाशी ऋतूला बसवायची आणि खाटेवरून कापड कसं बेतायचं ते सांगायची. बाही बिघडली की दोघी हसायच्या.

ज्यांच्या पिशवीत टॉवेलाखाली अशी फाईल असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सांगा. घाईनं नको, पण पेशंटनं विचारल्यावर खोटं नको. त्या मॅडमनी मला सांगायला भाग पाडलं नसतं, तर हे तीन महिने आक्काला तिचे म्हणून मिळालेच नसते. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

परवा ऋतूनं विचारलं, “मामा, आईला शेवटी लई दुखत होतं का?”

“हो,” मी म्हणालो. “मॉर्फिन, म्हणजे वेदनेवरचं कडक औषध, दिल्यावर थोडं कमी व्हायचं. कधी कधी तेवढंही नाही.”

तिनं मान हलवली. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि पुढचा प्रश्न विचारला.