राखेतली पावलं आणि मावशींचा कॉम्प्युटर

माणसाला चेहरा असतो, ही गोष्ट माझ्या बायकोच्या मावशींनी आयुष्यात कधी मनावर घेतली नाही. त्या माणसाच्या पायांकडे बघतात. आमचं लग्न ठरायच्या वेळी घरातल्या इतरांनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. मावशींनी मला फक्त अंगणातल्या नळापर्यंत जाऊन हात धुऊन यायला सांगितलं. मी परत आलो तेव्हा त्या माझ्या होणाऱ्या सासूबाईंना म्हणाल्या, "टाचा घासते, पण पोरगा सरळ आहे. देऊन टाक." कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहून त्या तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्न केलं नाही, एकट्या राहिल्या. वर्गातल्या मुलांची नावं त्यांना कधी पाठ झाली नाहीत, पण व्हरांड्यातून कोण पळत गेलं हे त्या फळ्याकडे तोंड ठेवून सांगत. शेजाऱ्यांचा गुडघा दुखायला लागायच्या आधी मावशींना कळायचं. एकदा मात्र समोरच्या क्वार्टरमधले धडधाकट गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन जाताना पाहून त्या हळूच म्हणाल्या, "यांचे पाय पुरे टेकून नाही राहिले गा." ते गृहस्थ दिवाळी पाहू शकले नाहीत. तेव्हापासून मावशींनी लोकांना त्यांच्या चालीबद्दल सांगणं बंद केलं. बघणं काही बंद झालं नाही.

कोराडीत राहिलेल्या माणसाला राखेचं नवल नसतं. रात्रभर वीज केंद्राच्या चिमण्यांची राख झरत राहते आणि सकाळी व्हरांडा, दोरीवरचे कपडे, तुळशीची पानं सगळ्यांवर एक करडी साय आलेली असते. मावशींच्या व्हरांड्यातल्या त्या सायीवर पावलं उमटायची. मी ती स्वतः पाहिली आहेत, म्हणून लिहितो आहे. आम्ही मुक्कामाला होतो, सकाळी दात घासत मी बाहेर आलो आणि थबकलो. लहान मुलाची, अनवाणी. डावा पाय पूर्ण उमटलेला. उजव्याचा नुसता चवडा, आणि त्यामागे बारीक ओढलेली रेघ. फाटकापासून ती पावलं स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आली होती. तिथे दोन्ही पाय शेजारी शेजारी, चवड्यांवर. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं.

"आली वाटते," मागून मावशी म्हणाल्या, शेजारीण हळद मागायला आल्यासारख्या सुरात.

"कोण?"

"मले काय माहीत जी? नाव सांगत नाही. लंगडते बिचारी."

मी शहाणपणाने वसाहतीतल्या मुलांची चौकशी केली. असा पाय ओढणारं मूल तिथे कोणाच्याच घरी नव्हतं. मावशींनी बाकीचा व्हरांडा झाडला आणि ती पावलं तेवढी ठेवली; वारा आला की तो नेईल म्हणाल्या. मग त्यांनी आम्हाला ती मुलगी कशी चालत असेल ते स्वतः चालून दाखवलं. साडीचा काष्टा मारलेल्या, चष्मा कपाळावर ढकललेल्या मावशी चवड्यावर लंगडत खिडकीकडे निघाल्या तेव्हा आम्ही हसलो. खिडकीपाशी पोचेपर्यंत आमचं हसू गेलं होतं. ती चाल त्यांची नव्हती.

मावशी निवृत्त झाल्या आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. हुडकेश्वरला भावाच्या घरावरच्या दोन खोल्या त्यांच्यासाठी तयार होत्या. सामान बांधून झालं तरी त्या व्हरांड्यात बसून राहिल्या. "ती इथंच राहीन," त्या म्हणाल्या, "तिचं चालणं तरी मले नेऊ द्या." नेणार कसं, तर ॲनिमेशन करून. नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर त्यांनी क्लास लावला. तिथली मुलं ड्रॅगन उडवायची आणि रोबोट लढवायची. मावशी महिनोन्‌महिने एक पाय उचलून ठेवायला शिकत होत्या. भाच्याचा जुना लॅपटॉप त्या पायाच्या ओझ्याने सारखा बंद पडू लागला, तेव्हा नवा कॉम्प्युटर घ्यायला मला बरोबर घेऊन त्या बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात गेल्या.

दुकानदार हौशी होता. "मॅडम, ॲनिमेशन म्हणजे ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर साधा चालते, पण कार्ड तगडं पाहिजे," असं म्हणून त्याने मोठ्या पडद्यावर एक मुलगी दाखवली. काय तिचे केस, काय डोळ्यातलं पाणी, गालावरची लव! मी भारावलो. मावशी मात्र पडद्याच्या खालच्या कडेला बघत होत्या.

"हिच्यात वजन नाही," त्या म्हणाल्या. "जमिनीले लागूनच नाही राहिली. बरं, मले एक सांगा जी. चालण्याचा हिशोब यातलं कोण करते?"

दुकानदार थोडा गोंधळला. "म्हणजे हाडं, सांधे, एक हललं की दुसरं कसं हलन, ते जास्त करून प्रोसेसर करते. उजेड, सावली, कातडी, हा चेहरा, ते कार्डचं काम."

"मग प्रोसेसर चांगला द्या. कार्ड साधं चालन."

"मॅडम, पस्तावाल. चित्र पूर्ण व्हायले लय वेळ लागन. चेहरा असा उठून नाही येणार."

"चेहरा मी पाहिलाच नाही, तं काढू कुठून?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. दोन्ही भारी घेणं मावशींच्या पेन्शनला झेपणारं नव्हतं, त्यामुळे मावशींचंच चाललं.

कॉम्प्युटर आला आणि मावशी त्याच्यासमोर बसल्या त्या बसल्याच. आम्ही अधूनमधून जायचो. आधी पडद्यावर नुसती करडी बाहुली होती, केस नाहीत, डोळे नाहीत, करड्या जमिनीवर ठेचकाळणारी. मग एका दुपारी गेलो तर ती बाहुली राहिली नव्हती. कोणीतरी मुलगी चालत होती. उजवा पाय ओढताना तिचा खांदा वर जायचा आणि पडद्याबाहेर ऐकू आल्यासारखी ती रेघ घासायची. ती थांबली, चवड्यांवर उंच झाली, आणि तिचं ते नाकडोळे नसलेलं डोकं किंचित डावीकडे वळलं. बायको उठून गॅलरीत गेली.

"मान तुम्ही वळवली, मावशी?" मी विचारलं.

"नाही जी," मावशी पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "पाय तिथं ठेवले का मान आपोआप तशीच जाते. मी हातही नाही लावला."

त्याच आठवड्यात एक म्हाताऱ्या काकू नातीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आल्या. मावशींच्या आधी कोराडीच्या त्याच क्वार्टरमध्ये त्या राहत होत्या. मी खाली सरबत आणायला गेलो होतो. वर आलो तेव्हा काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या आणि पडद्यावर ती मुलगी चालत होती.

"बाई," काकूंचा आवाज अगदी साधा होता, "आमची बेबी तुमाले कुठं भेटली?"

मावशींनी पहिल्यांदाच, माझ्या पाहण्यात तरी, एखाद्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. काकूंची मुलगी जन्मापासून एका पायाने अधू होती आणि शाळेत घालायच्या आधीच त्याच क्वार्टरमध्ये तापाने वारली होती. "मी भाकरी थापत असली का खिडकीत येऊन उभी राहे," काकू म्हणाल्या. "झाली का, झाली का, म्हणे."

"काकू, तुमी चेहरा सांगा," मावशी घाईने म्हणाल्या. "मी काढतो. कार्ड बदलून आणतो, पण काढतो."

"नको. चेहरा मले रोजच दिसते. चालणं इसरली होती मी." त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. "पण तुमी तं हिले पाहिलंच नव्हतं. तुमी यायच्या पहिलेच गेली ती."

आता मावशी काय सांगणार म्हणून मी सरबताचे पेले हातातच धरून थांबलो. क्लासमध्ये शिकवलं असं म्हणता आलं असतं. पण मावशींनी राखेची गोष्ट सांगितली, पहिल्या दिवसापासून. काकू रडतील, घाबरतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उपाशी तं नाही राहिली ना वं?"

"नाही काकू. मी रोज रात्री खिडकीत पोळी ठेवत होती."

हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

दोघी पुढच्या मंगळवारी कोराडीला गेल्या. मी गाडीने सोडतो म्हणालो, तर नको म्हणाल्या, बसने गेल्या. बरोबर डबा होता. काकूंनी भाकरी केली होती, वर तिखट नको म्हणून गुळाचा खडा. क्वार्टर रिकामंच आहे आणि कुलूप आहे, एवढंच मला नंतर कळलं. संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा दोघींच्या साडीचे काठ राखेने करडे झाले होते आणि डबा रिकामा होता. पाखरांनी खाल्लं, कुत्र्याने खाल्लं, की त्या दोघींनीच वाटेत संपवलं, मी विचारलं नाही. मावशींनी डबा घासून गॅलरीच्या कठड्यावर पालथा घातला. काकूंना घरी जायची घाई दिसत नव्हती. डबा वाळेपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या.