शारदाच्या धर्मत्यागाला गेले होते

एप्रिलातल्या एका सकाळी मी स्वारगेटहून बारामतीची एसटी पकडली. लोक लग्नाला जातात, बारशाला जातात. मी एका धर्मत्यागाला निघाले होते, आणि खरं सांगायचं तर जत्रेला निघाल्यासारखी खुशीत होते.

शारदा माझी कॉलेजच्या वसतिगृहातली मैत्रीण. दुसऱ्या वर्षाला असतानाच तिचं लग्न झालं आणि ती बारामतीकडच्या उसाच्या पट्ट्यात गेली. मी पुण्यातच राहिले, इतिहास शिकवला, निवृत्त झाले. आदल्या आठवड्यात तिचा फोन आला. भाजी आणायला निघाल्यासारख्या आवाजात ती म्हणाली की तिनं हिंदू धर्म सोडून बौद्ध व्हायचं ठरवलंय, आणि मी चार दिवस येऊन जावं. देव मानणं मी विशीतच सोडलं. हे मी आजवर इतक्या जणांना ऐकवलंय की नातेवाईक मला पाहिलं की विषय बदलतात. आता उशिरा का होईना, एक बाई माझ्या रांगेत येऊन उभी राहणार होती.

दिवे घाट चढून गाडी सासवडला लागली. शेजारच्या बाईंचा उपास होता. जेजुरीपर्यंत त्यांनी वेफर्स संपवले, मोरगावपर्यंत राजगिऱ्याची वडी आणि दोन केळी. ड्रायव्हर रस्त्यात देऊळ आलं की एक हात कपाळाला लावत होता आणि वेग मात्र कमी करत नव्हता. बाईंनी विचारलं तेव्हा मी कुठं निघालेय ते सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पिशवी मांडीवर घेतली आणि पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत काढला. मला ते फार आवडलं.

बारामतीचे रस्ते पुणेकराला लाज वाटेल असे आहेत: रुंद, मधोमध झाडं, कडेला खड्डा नाही. फक्त चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि प्रत्येकावर हात जोडलेली तीसेक तोंडं. देवापुढे एवढ्या मनापासून हात जोडलेले मी क्वचितच पाहिलेत. शारदा स्टँडबाहेर स्वतःची गाडी घेऊन उभी होती. कपाळ मोकळं, हातात फक्त घड्याळ. तिच्या नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

वस्तीवर (शेतातल्या घरावर) पोचेपर्यंत तिनं सगळं सांगितलं. दहाव्याला घाटावर बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. ते तिनं सोसलं. दुःखात माणसाला काही कळत नाही, म्हणाली. पण गेल्या वर्षी सोनालीचं लग्न झालं. सोनाली तिच्या दिराची मुलगी. शारदाला मूल नाही. त्या पोरीला न्हाऊमाखू घालण्यापासून अभ्यासाला बसवण्यापर्यंत सगळं हिनं केलेलं. हळदीच्या दिवशी जावेनं, मंगलनं, तिला हळूच बाजूला घेतलं आणि आतल्या खोलीत बसायला सांगितलं. विधवेची सावली नको. मांडवात वाजंत्री वाजत होती आणि ही धान्याच्या पोत्यांमध्ये बसून होती. त्या खोलीत बसल्या बसल्या तिनं ठरवलं.

संध्याकाळी भावकी (एका कुळातली घरं) जमली. पडवीत सतरंजी टाकली, चहा झाला, आणि तिचे दीर, सोनालीचे वडील बापूराव, घसा साफ करून बोलू लागले. गळ्यात माळ नाही, घरात पोथी नाही, श्रावणात भिगवणच्या ढाब्यावर मटण खाणारा हा गृहस्थ धर्माच्या बाजूनं उभा राहिला होता. त्यांच्या मांडणीत देव एकदाही आला नाही. पुतण्या कारखान्याच्या निवडणुकीला उभा राहणार, तो आला. पाहुणे काय म्हणतील, ते आले. अजून लग्नाच्या दोन मुली आल्या. बाकीचे माना डोलावत होते. त्यांतल्या एकालाही आपल्या धर्मात काय सांगितलंय हे विचारलं असतं, तर त्यानं नक्की आत जाऊन बायकोला विचारलं असतं.

शेवटी बापूरावांनी आपलं खरं म्हणणं काढलं.

"वहिनी, सोडा की धरम. कोन न्हाय म्हंतंय? पर मनातनं सोडा. मनातनं तर समद्यांनीच सोडलाय. कागदावर कशाला?"

मी तुच्छतेनं हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्याडम, तुमी सोडलाय न्हवं? मग कागद केला का?"

कागद मी केला नव्हता. तसं मी म्हणाले, आणि त्याला काही अर्थ नसतो, असंही म्हणाले. बापूराव समाधानानं मान हलवून म्हणाले, "तेच म्हंतोय मी." त्या माणसाशी माझं एकमत झालं याचा राग मला झोपेपर्यंत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बारामतीत ओळखीचे फार, म्हणून कागदासाठी शारदानं इंदापूरचा वकील गाठला होता. वाटेत पळसदेवला ताराबाईंकडे थांबायचं होतं. ताराबाई निवृत्त शिक्षिका, एके काळी सोनालीच्या वर्गशिक्षिका, बौद्ध. दीक्षेचं कुणाशी बोलायचं ते त्याच सांगतील, असा शारदाचा विचार. भिगवणला चिलापी (उजनीच्या पाण्यात भरपूर मिळणारा मासा) खाल्ली. तिखट, तेलकट आणि अप्रतिम. नवरा गेल्यापासून शारदाला घरी मासे वर्ज्य केले होते. तिनं दोन तुकडे जास्त मागवले आणि काट्यांचा ढीग ताटाच्या कडेला नीट रचला. डाळजला कलिंगडाच्या ढिगाशी गाडी थांबवली, तर विक्रेत्यानं फोड कापून देताना "माऊली" म्हटलं, आणि मागच्या गाडीतल्या दाढीवाल्यालाही "माऊली"च म्हटलं. या प्रवासात भेटलेला तेवढा एकच निर्मळ माणूस.

पळसदेवला पाणी उतरलं होतं. धरणात बुडालेलं जुनं देऊळ चिखलातून वर आलं होतं आणि त्याच्यापर्यंत होड्या चालू होत्या. मी उत्साहानं बघायला गेले. गाभाऱ्याशी एक नवरानवरी लग्नाआधीचे फोटो काढत होती. फोटोवाला मुलीला खांबाला टेकून "जरा भक्तिभावानं" वर बघायला सांगत होता. वर्षातले कितीतरी महिने हे देऊळ पाण्यात असतं, तेव्हा कुणाचं काही अडत नाही. चिखलानं माझी एक चप्पल ओढून घेतली. ताराबाईंच्या दारात मी एका पायानं अनवाणी गेले.

ताराबाईंनी दारातच "जयभीम" केला. शारदा "नमस्कार" म्हणाली. लगेच तिच्या लक्षात आलं, ओठ हलले, पण तो शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही. घर नीटनेटकं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मागं ठिबकवरचा ऊस, मुलगा सोलापूरला इंजिनिअर. पलंगावर ताराबाईंच्या सासूबाई बसल्या होत्या, नव्वदीला टेकलेल्या. छप्पन साली त्या नवी सून होत्या. घरातले देव टोपलीत घालून सासऱ्यांनी भीमेत सोडले, ते त्यांनी काठावर उभं राहून पाहिलेलं.

शारदानं हळदीची सगळी हकीकत सांगितली. ताराबाईंचे डोळे भरले. आजींचे नाही. त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्या वस्तीवर आमच्या मान्सांना च्या कशात द्यायचे?"

शारदा म्हणाली, "कपबशी वेगळी होती. गोठ्याच्या खिडकीत ठेवलेली."

"धुवायचं कोन?"

"ज्याची त्यानं. सासूबाई होत्या तोवर. त्या गेल्यावर मी बंद केलं."

"सासू किती वरसं व्हती?"

"सव्वीस."

"सव्वीस वरसात तुमाला धरम सोडू वाटला न्हाय?"

खोटं बोलायला जागा होती. सासूचा धाक होता, वय लहान होतं, असं काहीही चाललं असतं. शारदा म्हणाली, "नाही वाटलं. तेव्हा मला काही लागत नव्हतं."

आजींनी मान हलवली. "आमी सोडला तवा सुगीला कुनी कामाला बोलवलं न्हाय. हिरीवर पानी भरू दिलं न्हाय. तुमाला नुस्तं हळदीला बोलवलं न्हाय. उद्या बोलवलं, तर काय कराल?"

"नाही जाणार," शारदा म्हणाली. फार पटकन म्हणाली.

मग आजी माझ्याकडे वळल्या. मी कोणत्या धर्माची, ते त्यांना हवं होतं. मी काही मानत नाही, असं मी नेहमीच्या ठसक्यात सांगितलं. घरात देव आहेत का? आहेत, सासूबाईंच्या वेळचे. दिवा कोण लावतं? मी म्हटलं, मीच लावते, सवय म्हणून. आजी हसल्या. दात नव्हते, पण हसणं चांगलंच टोकदार होतं. ताराबाईंनी निघताना मला त्यांच्या जुन्या चपला दिल्या. दीक्षेचं मात्र दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही.

इंदापुरात वकिलानं प्रतिज्ञापत्र तयार ठेवलं होतं. शारदानं चष्मा लावून ते वाचायला घेतलं आणि तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे बापूराव. उद्या सोनालीचं डोहाळजेवण. पहिली ओटी वहिनींनीच भरायची, असं सगळ्यांनी बसून ठरवलं होतं. दोन वर्षं जो धर्म बोटभर हलला नाही, तो एका रात्रीत बापूरावांच्या पडवीत दुमडून ठेवता आला होता. मी तसं बोलून दाखवलं. तोवर फोन सोनालीनं घेतला होता आणि ती रडत होती.

शारदानं चष्मा काढला. कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि मला म्हणाली, "मी जाणारे. पोर माझी आहे." बारामती येईपर्यंत मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही. तिचा इतका तिरस्कार मला कधी वाटला नव्हता.

बापूरावांच्या घरी डोहाळजेवणाला साठसत्तर बायका होत्या. हिरव्या साडीतली सोनाली फुलांच्या झोपाळ्यावर. शारदानं गहू, नारळ, खण घालून पहिली ओटी भरली. बायका गोड हसत होत्या, फोटो निघाले, बापूराव दारात उभे राहून डोळे पुसत होते. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, याची नोंद करणं भाग आहे.

जेवणं सुरू झाल्यावर मी पिशवी घ्यायला आतल्या खोलीकडे गेले. दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं: सोनाली पाटावर बसलेली, शारदानं घातलेले गहू बाजूला सुपात काढलेले, आणि मंगल दुसऱ्या नारळानं तिची ओटी पुन्हा भरत होती. सोबत दोन सवाष्णी. सोनाली खाली बघत होती; तिनं नको म्हटलं नाही. मी पिशवी न घेताच परतले आणि शारदाशेजारी बसून श्रीखंड खाल्लं.

तिला मी काही सांगितलं नाही. चाळीस वर्षं चारचौघांत धर्माचे वाभाडे काढणारी मी, त्या वेळी मठ्ठ्यात कोथिंबीर शोधत राहिले.

चौथ्या दिवशी तिनं मला स्टँडवर सोडलं. गाडी बंद केली, पण दार उघडलं नाही. समोर बघत म्हणाली, "मी लाल खण घातला होता. सोनाली बाहेर आली तेव्हा तिच्या ओटीत हिरवा होता. तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"त्यांनाही माझी तेवढीच काळजी होती," शारदा म्हणाली, आणि खाली उतरून माझी पिशवी काढून दिली.

परतीच्या एसटीत मी खिडकीची जागा धरली. भावकीवर हसणं सोपं होतं. ते मी मनातल्या मनात मोरगावपर्यंत केलं. पुढं ते पुरेना.

महिन्यानं तिचा फोन आला. ती एकटीच इंदापूरला जाऊन सही करून आली होती. बापूराव आता वस्तीवर येत नाहीत. सोनाली मात्र चोरून फोन करते. दर रविवारी शारदा पळसदेवला जाते. दीक्षेचं विचारलं, तर म्हणाली की आजींनी अजून घाई करू नको म्हटलंय; पहिल्या रविवारी नुसतं बसवलं, दुसऱ्या रविवारी सगळ्यांच्या कपबश्या धुवायला सांगितल्या. तिनं धुतल्या.

"मग सध्या तू आहेस तरी कोण?" मी विचारलं.

"सध्या कुणी नाही," ती म्हणाली. "सवय नाही, त्यामुळे जरा गार वाटतं. पण बरं वाटतं."

त्याच आठवड्यात मला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात नाव नोंदवायचं होतं. अर्जात नाव, वय, पत्ता, आणि त्याखाली धर्माचा रकाना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तो ऐच्छिक आहे, रिकामा सोडला तरी चालेल. तिचं वाक्य संपायच्या आत माझा हात तिथं 'हिंदू' लिहून पुढच्या रकान्याकडे गेला होता.