वेधशाळेभोवतीचं गवत

"हिला कुणी बोलावलं? हिच्यामुळेच तर खचले ते," माझ्यामागे कुणीतरी कुजबुजलं. अंबरनाथ पश्चिमेच्या विहारात आम्ही दिवंगत गायकवाड काकांच्या पुण्यानुमोदनाला जमलो होतो. दारात हिराबाई चपला काढत होत्या.

काका कारखान्यात ग्राइंडर होते, धातूचे भाग घासून गुळगुळीत करणारे. निवृत्तीनंतर त्यांनी बदलापूरच्या मागे, डोंगरावर सरकत्या पत्र्याच्या छपराची एक खोली बांधली आणि तिला वेधशाळा म्हणू लागले. दुर्बिणीचा आरसा त्यांनी हातानं घासला होता, आठ महिने; मी मदतीला असायचे. माझा हात भरभर फिरला की म्हणायचे, "ए इंग्लिश मीडियम, काचेला घाई कळते हं. लगेच ओरखडा दाखवते." कॉलेजात माझं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, काकांनी मला खोलीची किल्ली दिली होती.

दर जानेवारीत, गवत वाळलं की, खोलीभोवतीची पंधरा हात जमीन कापून मोकळी करायची, म्हणजे वणवा तिथवर येऊन थांबतो. हे काम पाड्यावरच्या हिराबाईंचं. पण कुसळं आरशावर बसतात, म्हणून दुर्बीण झाकून काकांचा निरोप आल्याशिवाय विळा लावायचा नाही, हा दंडक.

यंदा काकांचे गुडघे धरले. दुर्बीण मी झाकली. "आता हिराला निरोप दे," ते म्हणाले. "एकच वाक्य आहे, घशात अडकायचं नाही." वाक्य पाठ करत मी पाड्यापर्यंत गेले. हिराबाईंच्या अंगणात चार पुरुष बसले होते. मी परत फिरले. "सांगितलंस?" काकांनी विचारलं. मी मान डोलावली.

फेब्रुवारीत, भर दुपारी, वणवा भिंतीपर्यंत आला. छप्पर वाकलं, आरसा तडकून तीन तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी काका कसेबसे वर चढले आणि राखेत बसून ते तुकडे एकमेकांना लावून पाहू लागले.

"मना निरोपच नाय आला, दादा," हिराबाई म्हणाल्या. "या ताईला इचारा ना."

काकांनी मला विचारलंही नाही. "ती पोरगी बोलतच नाही, खोटं कुठून बोलणार? खोटारडी तू. पुन्हा इथे दिसू नकोस."

हिराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी राखेकडे. जो भेटेल त्याला काका हिराबाईंचंच नाव सांगत राहिले, आणि दोन महिन्यांत गेले.

विहारात एकेक जण आठवणी सांगून बसला. काकू माझ्याकडे वळल्या. "तू बोल बाळा. तुझ्यावर फार विश्वास होता त्यांचा."

मी उभी राहिले. हिराबाई दाराशी, चपलांजवळच बसल्या होत्या.

"काकू, हिराबाईंना निरोप मी दिलाच नव्हता."